कानाला लागलेला माल

उस्तादांना उस्ताद का म्हणतात हे त्यांनाच विचारलंत तर अर्धा दिवस जाईल, म्हणून आपणच थोडक्यात उरकून टाकू. सोसायटीच्या एका संमेलनात माईक शिट्ट्या मारायला लागला. माईकवाला घामाघूम झाला, अध्यक्षांचं भाषण घशात अडकलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतले हे गृहस्थ उठले आणि समोरचं स्पीकरचं खोकं उचलून त्यांनी त्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं. शिट्टी बंद. खरी गोष्ट अशी की त्या खोक्यामुळे त्यांना व्यासपीठ दिसत नव्हतं. पण टाळ्या पडल्यावर खुलासे करत बसणारा माणूस विरळाच. तेव्हापासून लोक त्यांना चेष्टेने उस्ताद म्हणायला लागले आणि ते अतिशय गांभीर्याने ओ द्यायला लागले.

पोटापाण्यासाठी उस्ताद वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढं आत आहे की नाही ते बघायचं. या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या, पाठदुखी आणि तत्त्वं. पाठदुखीवर शेक घेता येतो. तत्त्वांवर अजून औषध निघालेलं नाही.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करायची, भाड्याच्या खोलीत राहायची आणि गाणी रचायची. तिथल्या रेडिओवर नव्या गायकांची गाणी लावतात. तिथे तिने दोनदा गाणं पाठवलं आणि दोन्ही वेळा ते परत आलं. चाल चांगली आहे, पण आवाजांचं मिश्रण कच्चं आहे, असा निरोप. तिसऱ्या वेळी तिने फोन केला.

"बाबा, या वेळी मिक्सिंग तुम्ही करा. माझा आवाज, गिटार, ताल, सगळं वेगवेगळं पाठवते. तुम्हाला त्यातलं कळतं ना."

लहानपणापासून तिने त्या खोक्याची गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की तिचा खरंच विश्वास होता. आता बाप कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

"आणि अजून एक," ती म्हणाली, "गाण्यात काहीतरी रिकामं वाटतंय. काय ते मला सापडत नाहीये. तुम्ही ऐका जरा नीट. या वेळी नाही झालं ना, तर मी गिटार विकून टाकणारे. उगाच स्वतःला फसवायचं किती दिवस?"

हे शेवटचं ती हसत बोलली. पण बापाला मुलीचं हसू ओळखता येतं. उस्तादांनी फोन ठेवला आणि खिडकीशी लावलेल्या टेबलावरचा संगणक आणि पोरीने मागे ठेवलेला जुना माईक पुसायला घेतला. घरात काही गंभीर घडलं की ते आधी पुसापुशी करतात.

गाणं साधं होतं. "खोलीला माझ्या खिडकी एकच, तीही भिंतीकडे," अशी सुरुवात. उस्तादांनी ते मोबाईलबरोबर फुकट मिळालेल्या, कानात खुपसायच्या बोंडांवर ऐकलं. डाव्या बोंडातून गिटार येत होती, उजव्या बोंडातून काहीच येत नव्हतं. तेवढ्यात मेहुणा आला.

मेहुण्याविषयी थोडं सांगायला हवं. तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, पण त्याचा मूळ धंदा सल्ल्याचा. उंटावर बसून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, हा उंटही दुसऱ्याचा वापरायचा. "भावजी, ही बोंडं टाका आधी," तो म्हणाला. "मिक्सिंगला मॉनिटरिंगचे हेडफोन लागतात. मोठे, बंद, कान अख्खा गिळणारे. बाहेर बॉम्ब फुटला तरी कळता कामा नये. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे आहेत. मी पाहिलेत."

"ऐकलेस का?" बायकोने विचारलं. सकाळच्या वेळी त्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायच्या, त्यामुळे सुई कुठे टोचायची ते त्यांना चांगलं समजायचं.

"ताई, बघूनच कळतं," मेहुणा म्हणाला.

उस्ताद दुकानात गेले. गोची अशी की ते दुकान त्यांच्याच तपासणीच्या हद्दीत होतं. निरीक्षकसाहेब पायरी चढताना दिसले आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने गल्ल्यावरच्या माणसाला खूण केली, त्याने आतल्याला केली, आणि आत खोकी सरकवल्याचा आवाज सुरू झाला.

"या साहेब. सगळ्या मालावर छापील किंमत आहे. शिक्के आहेत. बघून घ्या."

"मला हेडफोन बघायचेत."

"बघा ना साहेब, हवे तेवढे बघा. एकाही खोक्यावर खाडाखोड नाही."

"अहो, मला घ्यायचेत."

हे ऐकल्यावर तो आणखीनच घाबरला. तपासणीला आलेला साहेब परवडला, खरेदीला आलेला परवडत नाही, हे धंद्यातलं शहाणपण आहे. कशासाठी हवेत, काय ऐकणार, एक शब्द विचारला नाही. साहेबांनी 'मोठे, बंद' म्हटलं, त्याने मोठे, बंद दिले. वर पैसे घ्यायला तयार होईना. उस्तादांची तत्त्वं तिथेच उसळली. त्यांनी छापील किंमत मोजली, पावती मागून घेतली, पावतीवर दुकानाची सही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात अर्ज दिला की हद्दीतल्या दुकानातून मी अमुक वस्तू खरेदी केली आहे, नोंद व्हावी. वरच्या साहेबांनी अर्ज परत पाठवला. शेरा होता, वस्तूचे निव्वळ वजन नमूद करावे.

वजन म्हटल्यावर उस्तादांनी हेडफोन कार्यालयातल्या अधिकृत काट्यावर ठेवले. खोक्यावर छापल्यापेक्षा कमी भरले. पुन्हा ठेवले. कमीच. आता आली का पंचाईत? खटला भरावा तर फिर्यादी आणि निरीक्षक एकच, न भरावा तर कर्तव्यात कसूर. दुपारचा डबा त्यांनी उघडलाच नाही. संध्याकाळी कॅशिअरने सहज विचारलं, "यांची वायर कुठाय?" वायर घरी संगणकाला लावलेली होती. ती आणून ठेवली तेव्हा काटा बरोबर आला, आणि उस्तादांनी अर्ज मुकाट्याने पूर्ण केला.

घरी मात्र त्यांनी मांड ठोकली. हेडफोन कानावर चढवले आणि जग बंद झालं. खर्जाचे ठोके असे येत होते की छाती भरून यावी. ठोके जास्त वाटले म्हणून त्यांनी ते कमी केले. अजून जास्त वाटले, अजून कमी केले. दरम्यान त्यांची बायको बाजार करून आल्या होत्या आणि बंद दाराबाहेर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बेल दाबत होत्या. मग दार वाजवलं, मग फोन केला, मग शेजारचे वाजवायला लागले. कुणीतरी म्हणालं, कुलूपवाल्याला बोलवा. कुणीतरी म्हणालं, डॉक्टरलाच बोलवा. शेवटी वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी आपल्या खिडकीतून एक चप्पल दोरीला बांधून खाली सोडली आणि उस्तादांच्या खिडकीवर आपटली. उस्ताद दचकले, उठले आणि त्यांनी दार उघडलं, तर जिन्यात सगळी सोसायटी उभी.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही," बायको म्हणाल्या आणि पिशव्या घेऊन आत गेल्या.

एवढं करून तयार झालेलं मिश्रण त्यांनी स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर लावलं, तर गाण्यातला खर्ज पार गायब. ठोके नखाने पत्रा वाजवल्यासारखे येत होते. म्हणजे खर्ज गाण्यात जास्त नव्हताच, हेडफोन तो पदरचा घालून ऐकवत होते आणि उस्ताद गाण्यातला काढून टाकत होते. त्यांच्या लक्षात आलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. आयुष्यभर लोकांच्या तराजूत काटा मारलेला पकडला, आणि आपल्याच कानांवर खोटा तराजू चढवून बसलो, हे त्यांना फार लागलं.

ते तडक दुकानात गेले. "हे परत घ्या."

दुकानदार हात जोडून उभा राहिला. "साहेब, तुम्ही म्हणाल ते करतो, पण कानाला लागलेला माल कंपनी परत घेत नाही. तुमच्यासाठी नियम मोडू का?"

हा प्रश्न त्याने अगदी मनापासून विचारला होता, आणि त्यात उस्ताद कायमचे सापडले. तुमच्यासाठी नियम मोडू का, याला हो म्हणणारा निरीक्षक अजून जन्माला यायचा होता. ते म्हणाले, "नको."

"पण तुम्हाला नेमकं करायचंय काय?" दुकानदाराने पहिल्यांदाच विचारलं.

उस्तादांनी सांगितलं, आणि दुकानदाराने कपाळावर हात मारला. "अहो साहेब, बंद हेडफोन गाणाऱ्याच्या कानावर घालायचे. रेकॉर्डिंग करताना आतला आवाज माईकमध्ये जाऊ नये म्हणून. मिक्सिंगला उघडे घेतात, मागून जाळी असलेले. ते जसं आहे तसं ऐकवतात. आधी बोलला असतात तर? मला वाटलं धाड आहे."

उस्तादांनी उघडे घेतले. छापील किंमत, पावती, सही, अर्ज, निव्वळ वजन वायरीसह. बंद जोडी बायकोकडे गेली. खोबरं-बिबरं वाटायचं असलं की त्यांचा मिक्सर रणगाड्यासारखा चालायचा, तेव्हा त्या ते हेडफोन कानाला लावायच्या. "मिक्सिंगसाठीच घेतलेत ना," त्या म्हणाल्या.

उघड्या हेडफोनमध्ये गाणं खरंच निराळं होतं. गिटारीच्या तारेवर सरकलेलं बोट ऐकू येत होतं. मुलीने ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू येत होता. तो श्वास ऐकून उस्तादांनी गाणं थांबवलं आणि थोडा वेळ उगाच टेबल पुसलं. मग आवाज पूर्ण वर केला आणि कामाला लागले. तीच ओळ. पुन्हा तीच ओळ. खोलीला माझ्या खिडकी एकच. आठवडाभर ते कार्यालयातून येत, चहा घेत आणि ती एकच खिडकी उघडझाप करत बसत.

एका संध्याकाळी मेहुणा शेजारी बसला होता. सकाळीच सोसायटीची नोटीस आली होती, राहत्या जागेत ध्वनिविषयक व्यवसाय चालवल्याबद्दल खुलासा करावा. उस्ताद हेडफोन न काढताच त्याला समजावत होते. कानावर गाणं असलं की माणूस स्वतःचा आवाज विसरतो, त्यामुळे ते समजावणं सगळ्या जिन्याला पोचत होतं.

"व्यवसाय म्हणे. त्या सेक्रेटरीला गाण्यातलं काय कळतंय? माणूस बोलतो तेव्हा वाटतं रिकामी बादली जिन्यावरून सोडलीय."

मेहुणा डोळ्यांनी दाराकडे खुणावत होता. उस्तादांना वाटलं, त्याला पटतंय.

"आणि बादली तरी एकदा खाली पोचली की थांबते."

मग त्यांनी मान वळवली. दारात सेक्रेटरी उभे होते, आणि त्यांच्या मागे बायको चहाचे कप घेऊन. उस्तादांनी हेडफोन काढले. ते आपला चेहराही काढून ठेवायला तयार होते, पण तशी सोय नव्हती.

"मी खुलासा घ्यायला आलो होतो," सेक्रेटरी म्हणाले. "तो मिळाला."

"नाही म्हणजे, मी हेडफोन वापरतो, कुणाला त्रास व्हायचा प्रश्नच—"

"उस्ताद, तुमच्या हेडफोनला मागून भोकं आहेत. तुमची खिडकी खाली, माझी वर. आठवडा झाला, ती मुलगी एकच खिडकी सांगतेय. आमच्याकडे धुणी-भांडी त्या तालावर चाललीत. माझी मिसेस विचारते, पुढचं कडवं कधी येणार? मला सांगा, येणार आहे का?"

हे सांगून ते चहा न घेता निघाले. जिना चढताना मात्र गुणगुणत होते, तीही भिंतीकडे, तीही भिंतीकडे. सूर नव्हता, पण शब्द बरोबर होते.

त्या दिवसापासून उस्तादांनी आवाज वरच्या मजल्यावर जाणार नाही इतका कमी केला. आणि इथून खरं लचांड सुरू झालं. आवाज कमी केल्यावर त्यांना गाण्यात आणखी कुणीतरी ऐकू यायला लागलं.

मुलीच्या आवाजाच्या थोडा खाली, सावकाश, बाईचा दुसरा आवाज. प्रत्येक वेळी नाही, पण आला की गाणं कसं भरून यायचं. उस्तादांनी मुलीचा आवाज बंद करून नुसती गिटार लावली. आवाज होताच. गिटार बंद करून नुसता ताल लावला. तरी होता. गाणं थांबवलं की एखादा शब्द जास्त होऊन तोही थांबायचा. त्यांनी मुलीला फोन केला.

"तुझ्याबरोबर कोण गायलंय?"

"कुणीच नाही, बाबा. मी आणि ताल धरणारी मैत्रीण, आणि तिचा घसा बसला होता. का हो? शनिवारी शेवटचा दिवस आहे. होईल ना?"

"होईल," उस्ताद म्हणाले. फोन ठेवून त्यांनी पुन्हा टेबल पुसायला घेतलं, कारण शनिवार परवावर आला होता आणि गाण्यात भूत होतं.

मेहुण्याच्या मते यात काही विशेष नव्हतं. "भारी हेडफोनचं हेच तर वैशिष्ट्य, भावजी. लपलेलं ऐकवतात." त्याने हेडफोन घातले, डोळे मिटले. बहीण त्याच्यासाठी चहा टाकायला उठली होती. मेहुण्याला काहीही ऐकू आलं नाही. तो हळूच म्हणाला, "भावजी, कान दाखवून या."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आत बघून विचारलं, "कशाचे निरीक्षक म्हणालात?" मग पिचकारी मारून जे काढलं त्याचं निव्वळ वजन इथे नमूद करायला नको. वर थेंब दिले आणि सांगितलं, खाज सुटेल. घरी येऊन उस्तादांनी गाणं लावलं, तर तो दुसरा आवाज पहिल्यापेक्षा स्वच्छ.

आता ते खरंच घाबरले. हा आवाज कशात आहे तेच सापडत नाही, तर पाठवायचं काय? तो काढला तर गाणं पुन्हा रिकामं, आणि ठेवायचा तर तो कुठे आहे? शुक्रवारची संध्याकाळ उतरत आली होती. मुलगी गिटार विकणार, आणि त्यात आपला हात असणार. बापाला मुलीचं एक गाणं नीट करून देता येऊ नये? इतकी वर्षं त्या खोक्याच्या गोष्टीवर जगलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

तेवढ्यात कानात थेंबांनी खाज सुटली. एरवी हेडफोन काढताना ते आधी गाणं थांबवत. या वेळी खाज अशी होती की थांबवायला उसंतच मिळाली नाही. त्यांनी हेडफोन ओढून काढले आणि करंगळी कानात घातली. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून मुलीचा आवाज मुंगीएवढा येत होता. आणि तो दुसरा आवाज मात्र चांगला मोठा, तब्येतीत येत होता, शेजारच्या खोलीतून. म्हणजे इतके दिवस तो हेडफोनच्या मागच्या जाळीतूनच आत शिरत होता.

उस्ताद पाय न वाजवता दाराशी गेले. त्यांची बायको इस्त्री करत होत्या. शर्टाची कॉलर सरळ करत, खाली मान घालून, त्या मुलीच्या गाण्याला खालून आवाज देत होत्या. खोलीला माझ्या खिडकी एकच. मुलीने एकटीने म्हटलेली ओळ होती ती. आता तिच्याशेजारी कुणीतरी येऊन बसलं होतं.

"अगं," उस्ताद म्हणाले.

त्या दचकल्या. "काय झालं? परत बेल ऐकू नाही आली?"

"तू गातेस?"

"मी कुठे गातेय? तुम्ही दोन आठवडे तेच तेच ऐकवताय, उद्या ही इस्त्रीपण गायला लागेल. आणि पोर एवढं एकटं एकटं म्हणते ते... राहवत नाही मला. तोंडातून निघतं आपलं."

उस्तादांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. एरवी घरात हा अधिकार त्यांना नव्हता. "चल. माईकपुढे उभी राहा."

"वेड लागलंय का? मला काय येतंय?"

"तुला काय येतंय ते मी चार दिवस शोधतोय. कान धुऊन आलो त्यासाठी."

त्या उभ्या राहिल्या, पण पहिल्याच प्रयत्नाला घोडं अडलं. उघड्या हेडफोनमधलं सगळं गाणं मागच्या जाळीतून माईकमध्ये शिरत होतं. उस्तादांनी कपाळाला हात लावला. आणि मग त्यांना दुकानदाराचं वाक्य आठवलं, बंद हेडफोन गाणाऱ्याच्या कानावर घालायचे. ते धावत स्वयंपाकघरात गेले. मिक्सरवर ठेवलेली ती खोटा तराजू म्हणून टाकलेली जोडी त्यांनी पुसून आणली आणि बायकोच्या कानावर स्वतःच्या हाताने बसवली.

"मला तुम्ही काय बोलताय ते ऐकू येत नाहीये," बायको सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या.

"काही बोलत नाहीये. गा."

"काय?"

उस्तादांनी हाताने खूण केली. बायकोने डोळे मिटले, दोन ओळी जाऊ दिल्या, आणि तिसरीला सुरुवात केली.

मिश्रणाला मग फार वेळ लागला नाही. दोन्ही आवाज शेजारी शेजारी ठेवायचे, आईचा थोडा खाली. शनिवारी गाणं मुलीकडे गेलं, आणि तिचा फोन आला.

"ऐकलंस?" उस्तादांनी विचारलं.

"आई आहे ना ती?"

"हो."

"बाबा, हेच कमी होतं. मला इतके दिवस कळत नव्हतं. तुम्हाला कसं ऐकू आलं?"

उस्तादांनी छाती पुढे काढली. "चांगले हेडफोन घेतले की येतं ऐकू," ते म्हणाले. मग बायकोकडे लक्ष गेलं आणि त्यांची तत्त्वं जागी झाली. "खरं म्हणजे काढल्यावर आलं."

"गिटार राहू देते मग," मुलगी म्हणाली, आणि या वेळचं हसू बापाने ओळखलं.

गाणं रेडिओवर लागलं त्या दिवशी मुलीने ते फोनमधून लावून दिलं आणि उस्तादांनी ते स्वयंपाकघरातल्या स्पीकरला जोडलं. मेहुणा येऊन बसला होता आणि हेडफोन आपणच सुचवले हे दर कडव्याला सांगत होता. बायको पाठ करून ओटा पुसत होत्या. पुसापुशीची सवय आता त्यांनाही लागली होती. गाणं धृपदाशी आलं आणि वरच्या खिडकीतून सेक्रेटरी, त्यांची मिसेस आणि पलीकडचं बिऱ्हाड एकदम सुरू झालं, खोलीला माझ्या खिडकी एकच. सगळ्यांना पाठ होतं. सगळे मनापासून गात होते, आणि सगळ्यांत वरचढ सेक्रेटरी. उस्ताद डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा हात मात्र सवयीने टेबलावर सरकला, सेक्रेटरींचा आवाज जरासा कमी करायला.